गोगलगाय, उष्णमान आणि कालव्याचे पाणी

निफाड तालुक्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशी पाण्याचा इतिहास आहे, हे विधान आता कोणास वादग्रस्त वाटावयाचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कादवेवर पालखेड येथे बंधारा घालून सरकारने पाट काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी व कादवा यांच्या संगमाशी नांदूर-मध्यमेश्वर येथे मोठा बंधारा उभा राहिला, आणि १९१६ साली पुऱ्या झालेल्या दारणा धरणाचे पाणी तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगावाकडे वाहू लागले. स्वातंत्र्यानंतर गंगापूरचे धरण झाले, कादवेवर पालखेडचे धरण झाले. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात आज जो कांदा आणि टोमॅटो उतरतो, भोवतालच्या शिवारात जे द्राक्षांचे मांडव दिसतात, त्या सर्वांच्या मुळाशी हे पाणी आहे. या पाण्याचा इतिहास एकरांत आणि टनांत अनेकांनी लिहिला आहे. परंतु त्या पाण्याबरोबर पाटापाटांतून, चारीचारींतून एक क्षुद्र प्राणी शिवारात स्थिरावला, त्याची नोंद मात्र आपल्या इतिहासकारांनी कोठे घेतलेली दिसत नाही. तो प्राणी म्हणजे पाण्यातील गोगलगाय.

गोगलगाईचा इतिहास तो काय लिहावयाचा, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. पण ही गोगलगाय एकटी नसते. तिच्या पोटात एका कृमीचे बालपण जाते, आणि तो कृमी पुढे गाई, म्हशी व शेळ्यामेंढ्या यांच्या यकृतात जाऊन राहतो. खाटकाच्या दुकानी कलेजी चिरली असता आत पानासारखे चपटे, करडे किडे सापडतात, ते हेच. शास्त्रीय मराठीत यास पर्णकृमी म्हणतात. ज्या जनावरास त्याची बाधा होते ते खंगत जाते, दूध आटते, रक्त पांढुरके पडते, जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबते. आणि मालक बहुधा चाऱ्यास किंवा नशिबास दोष देतो. या कृमीचे गोगलगाईच्या पोटातील आयुष्य किती दिवसांचे, हे कोण ठरवितो? उत्तर असे की पाण्याचे उष्णमान ठरविते. हे उत्तर मनुष्याच्या हाती कसकसे आले, आणि ते आपल्याकडे येईपर्यंत त्याचे काय झाले, तो या लेखाचा विषय आहे.

पर्णकृमी युरोपात शतकानुशतके माहीत होता. मेंढीच्या यकृतात तो दिसे, परंतु तेथे तो येतो कोठून हे कोणास कळत नव्हते. १८७९ सालचा इंग्लंडातील उन्हाळा अत्यंत पावसाळी गेला, आणि त्या हिवाळ्यात तीस लक्षांच्या आसपास मेंढ्या या रोगाने दगावल्या. तेथील रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीने शोधासाठी पैसे दिले व ऑक्सफर्ड येथील ए. पी. टॉमस नावाच्या जेमतेम तेविशीतील तरुणाकडे ते काम आले. त्याच सुमारास जर्मनीत लाइपझिग येथे रुडोल्फ लॉइकार्ट हा जगन्मान्य पंडित त्याच प्रश्नाच्या मागे लागला होता. टॉमसचे पुष्कळ दिवस योग्य जातीची गोगलगाय शोधण्यातच गेले. १८८२ च्या जुलैत नदीला पूर आला आणि पुराच्या पाण्याने त्या जातीच्या गोगलगाई कुरणांवर विपुल आणून टाकल्या, तेव्हा त्याच्या प्रयोगांस जोर आला. पंडित आणि तरुण हे दोघेही स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षास पोहोचले. लॉइकार्टचा लेख १८८२ त व टॉमसचा १८८३ त प्रसिद्ध झाला. टॉमस त्याच वर्षी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे प्राध्यापक म्हणून निघून गेला. तेवीस ते सव्वीस वर्षांच्या वयात केलेल्या कामावर त्याचे नाव आजही टिकून आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

त्यांना आढळले ते थोडक्यात असे. जनावराच्या शेणावाटे कृमीची अंडी बाहेर पडतात. ती पाण्यात पडली म्हणजे काही दिवसांनी त्यांतून केसाळ अंगाची, डोळ्यांना न दिसणारी अळी निघते आणि गोगलगाईच्या अंगात शिरते. तेथे तिची पिशवी बनते. पिशवीतून ‘रेडिया’ नावाच्या अळ्या निपजतात. फ्रांचेस्को रेडी या जुन्या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव या अळीस मिळाले आहे. रेडियांच्या पोटी पुन्हा रेडिया निपजतात, किंवा शेपटीच्या ‘सर्केरिया’ निपजतात. सर्केरिया गोगलगाईतून बाहेर पोहत येतात, काठच्या गवतावर चिकटतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. ते गवत जनावराने खाल्ले की रहाटगाडगे पुरे झाले. एका अंड्यापासून गोगलगाईच्या पोटी शेकडो संतती होते, ही त्यातली खरी मेख आहे.

आता मुंबईकडे वळू. १८८९ साली पुण्यात पशुरोगांच्या संशोधनासाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली, आणि चारच वर्षांत ती कुमाऊंच्या पहाडात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली, कारण रोगजंतूंच्या कामास एकांत आणि थंड हवा हवी होती. तेथे आर. ई. मोंटगोमेरी याने १९०६ साली हिंदुस्थानातील गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या दोन नव्या कृमींचे वर्णन केले. हे पर्णकृमीचेच भाऊबंद. यांना शिस्टोसोम म्हणतात. यांच्याच एका जातीने मिसर देशात मनुष्याच्या लघवीवाटे रक्त जाते. थिओडोर बिल्हार्झ याने ती जात १८५१ त कैरो येथे शोधली होती. परंतु तो कृमी मनुष्याच्या अंगात कसा शिरतो यावर साठ वर्षे वाद चालला. जपानात मियाइरी व सुझुकी यांनी १९१३ त, आणि मिसरात लायपर याने १९१५ त, वाटेत गोगलगाय आहे हे सिद्ध केले, तेव्हा तो मिटला.

त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. हिंदी पलटणी मिसरात आणि मेसोपोटेमियात लढत होत्या. तिकडून परतणारा शिपाई हा कृमी घरी आणील आणि इथल्या गोगलगाईंत तो रुजेल, ही धास्ती शास्त्रज्ञांस वाटू लागली. परळच्या बॉम्बे बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, जीस १९२५ पासून आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर यांनी इथल्या गोगलगाई तपासावयास घेतल्या. लिस्टन यांचे नाव प्लेग आणि उंदरांच्या पिसवा यांच्या संशोधनामुळे प्रसिद्ध आहे. सोपारकरांचे नाव मात्र मराठी वाचकांस अपरिचित आहे, ही खेदाची गोष्ट होय. १९१८ साली या दोघांनी गुरांच्या एका शिस्टोसोमचे जीवनचक्र प्रसिद्ध केले व आपल्या डबक्यांत सर्वत्र आढळणारी, चकलीसारखी वेटोळी असलेली चपटी गोगलगाय ही त्याची यजमानीण आहे असे दाखविले. १९२१ त सोपारकरांनी एकट्याने त्या कृमीच्या सर्केरियेचे बारकाईने वर्णन केले. पुढे १९३५ साली जी. डी. भालेराव यांचा हिंदुस्थानातील पाळीव जनावरांच्या कृमींवरील ग्रंथ निघाला. या विद्येचा पाया आपल्या देशात घालणाऱ्यांत ही दोन नावे आहेत, आणि दोन्ही मराठी आहेत.

युद्धकाळातील ती धास्ती व्यर्थ होती काय? अगदीच नव्हे. १९५२ साली गाडगीळ व शाह या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात गिमवी या खेड्यात लघवीवाटे रक्त जाणारे रोगी शोधून काढले, आणि मनुष्याचा हा शिस्टोसोम तेथे नांदत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या मते तेथील यजमानीण ओढ्यातील दगडांस चिकटून राहणारी, टोपीच्या आकाराची एक इवलीशी गोगलगाय होती. कोकणात हिवाळाही उबदार. कृमीस उष्णमानाची आडकाठी नाही. तरीही रोग गिमवीबाहेर पसरून कोकणभर झाला नाही. उष्णता पुरेशी असूनही यजमानीण योग्य जातीची आणि विपुल नसेल तर कृमीचे पाऊल पुढे पडत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे. उष्णमानावर लिहिताना तो विसरता कामा नये, म्हणून येथेच सांगून ठेवला.

कोण आणि कोठे, हे येणेप्रमाणे कळले. केव्हा, हे कळावयास आणखी काळ लागला. उष्णतेचा हिशेब मांडण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये रेओम्यूर याने १७३५ सालीच असे सुचविले होते की पीक पिकण्यास दिवस किती लागतात हे मोजू नये, रोजच्या उष्णमानाची बेरीज मोजावी. ती बेरीज दरसाल जवळजवळ सारखी भरते. कृमीच्या बाबतीत हीच बेरीज लागू पडते, हे विसाव्या शतकात दिसून आले. युरोपीय पर्णकृमीची वाढ सुमारे दहा अंश सेंटिग्रेडच्या खाली थांबते, हे ध्यानी घेऊन वेल्सच्या अँगलसी बेटावरील निरीक्षणांवरून ओलेरनशॉ व रोलंड्स यांनी १९५९ साली पाऊस व बाष्पीभवन यांचे एक गणित बसविले. कोणत्या वर्षी मेंढ्यांवर संकट येणार हे त्या गणिताने आधी सांगता येऊ लागले. ज्या देशात १८७९ साली तीस लक्ष मेंढ्या अवचित गेल्या, त्याच देशात ऐंशी वर्षांनी संकटाची आगाऊ सूचना मिळू लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

गणित किती सोपे आहे याचा एक मासला देतो. मनुष्याच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या आफ्रिकेतील शिस्टोसोमवर फ्ल्यूगर या जर्मन संशोधकाने १९८० साली प्रयोग प्रसिद्ध केले. त्याला आढळले की १४.२ अंश ही या कृमीची उंबरठ्याची पायरी आहे. त्या पायरीच्या वर जितके अंश असतील त्यांची रोज बेरीज करीत जावे. ती २६८ भरली की गोगलगाईतून सर्केरिया बाहेर पडू लागतात. म्हणजे पाणी तीस अंश असेल तर सतरा दिवस पुरतात. पंचवीस असेल तर पंचवीस दिवस. वीस असेल तर सेहेचाळीस. आणि सतरा असेल तर शहाण्णव. तीन अंशांचा फरक, जो आपणास अंगावरच्या उपरण्याने भरून काढता येतो, तो कृमीच्या आयुष्यात दीड महिन्याहून अधिक काळाचा ठरतो. अर्थात या बेरजेस वरून मर्यादा आहेच. पाणी फार तापले तर गोगलगाय स्वतःच मरते, आणि तिच्याबरोबर पोटातला पाहुणाही.

आपल्या देशातील गुरांत मुख्यतः आढळणारा पर्णकृमी हा युरोपातल्या कृमीहून वेगळ्या जातीचा, आकाराने मोठा आणि उष्ण देशास सरावलेला आहे. त्याची पायरी दहा अंशांची नव्हे. साधारण सोळा अंशांची धरतात. याच जातीवर डिनिक पति-पत्नींनी केनियात मुगुगा येथे वर्षानुवर्षे काम केले आणि १९६४ साली एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. हवा उबदार असताना पहिल्या पिढीच्या रेडियांच्या पोटी सर्केरिया निपजतात. परंतु सोळा ते वीस अंशांच्या थंड हवेत त्याच रेडिया सर्केरिया देत नाहीत, आणखी रेडियाच देतात. सावकाराच्या भाषेत सांगावयाचे तर थंडीत कृमी वसुली थांबवितो आणि व्याज मुद्दलात मिळवितो.

येथे आपल्या पाठ्यपुस्तकांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आमच्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्राची जी पुस्तके चालत आली, त्यांतील कित्येकांत असे वाक्य आहे की रेडिया उन्हाळ्यात रेडियांना आणि हिवाळ्यात सर्केरियांना जन्म देतात. हजारो विद्यार्थ्यांनी ते घोकले व परीक्षेत लिहून गुण मिळविले. ते युरोपीय जातीच्या पर्णकृमीच्या प्रकरणात येते, आणि आमच्या गुरांतल्या जातीविषयी मुगुगा येथे जे दिसले ते याच्या नेमके उलट आहे. निफाडच्या गोठ्यात पर्णकृमी आहे; परंतु त्या गोठ्यातल्या मुलाने कॉलेजात जाऊन जो कृमी शिकला तो निराळा, आणि ऋतूही निराळे. सोपारकर-भालेराव यांच्या देशात असे व्हावे, हे मला तरी सहन होत नाही. परदेशी ग्रंथातून ज्ञान घेण्यास माझा विरोध नाही, माझे स्वतःचे सारे शिक्षण त्याच ग्रंथांवर झाले आहे. परंतु ज्ञानाबरोबर तिकडचे पंचांगही उचलून आणले तर तिथी चुकावयाच्याच.

निफाडचे पंचांग मोठे विलक्षण आहे. महाराष्ट्रातील मैदानी भागात थंडीची जी लाट येते तिचा कडाका निफाडास सर्वांत जास्त लागतो. कुंदेवाडी येथे गहू संशोधन केंद्र आहे. तेथील किमान उष्णमानाचा आकडा हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून झळकतो. तो पाच अंशांच्या खाली गेला की पिंपळगाव-ओझरकडील बागाईतदार द्राक्षांच्या मण्यांस तडे जातील म्हणून पहाटे मांडवांत शेकोट्या पेटवितात. उलट वैशाखात तोच पारा चाळिशीला भिडतो. इतका मोठा झोका कोकणात नाही. मग या थंडीत गोगलगाईतल्या कृमीचे काय होत असेल?

वर्तमानपत्रातील आकडा पाहून कोणी म्हणेल, कृमी मेला असेल. तसे होत नाही. तो आकडा पहाटेच्या हवेचा आहे. गोगलगाय पाण्यात राहते. पाणी हळू निवते आणि हळू तापते. पहाटे पाच अंश आणि दुपारी अठ्ठावीस असा दिवस गेला तर पाण्याची सरासरी सोळा-सतराच्या आसपास राहावयाची, म्हणजे नेमकी पायरीवर. द्राक्षाचा मणी एका पहाटेने तडकतो, कृमी तसा मरत नाही. तो थांबतो किंवा रांगत चालतो. आश्विन-कार्तिकात गोगलगाईत शिरलेली अळी माघापर्यंत आतच असते. युरोपीय जातीत हिवाळी लागण म्हणतात ती हीच. थंडी हे कृमीचे मरण नसून कोठार आहे, आणि मुगुगाचे निरीक्षण खरे धरले तर त्या कोठारात माल वाढतोही.

पाटापूर्वीच्या काळी या कोठाराचे दार बहुधा उघडत नसे. फाल्गुनात ऊन वाढू लागे, घड्याळ पुन्हा चालू होई, पण तोवर ओढे आटत. काही जातींच्या गोगलगाई चिखलात दडून राहत, बाकीच्या मरत; सर्केरियांना पोहावयास पाणी नसे आणि चिकटावयास हिरवे गवत नसे. हिवाळ्याची थंडी आणि उन्हाळ्याचा दुष्काळ असे दोन द्वारपाल निसर्गाने ठेविले होते. पहिला नुसता अडवून धरी. मारावयाचे काम दुसरा करी. कालव्याने हा दुसरा द्वारपाल काढून घेतला. फाल्गुन-चैत्रात आवर्तन सुटते, चारीच्या कडेने गवत हिरवे होते, आणि सगळे शिवार वाळलेले असताना गुरे स्वाभाविकपणे त्याच हिरव्या पट्ट्यावर येतात. पाणी, ऊब, गोगलगाय आणि गाय या चारही गोष्टी एकाच वेळी एकाच काठावर जमतात.

हा माझा तर्क निराधार नाही, हे मिसरच्या इतिहासावरून दिसेल. तेथे नाईलच्या पुरावर चालणारी जुनी शेती होती. वर्षातून बराच काळ जमीन कोरडी पडे. बारमाही कालवे आल्यावर डॉक्टर मोहमद खलील यांनी वरच्या मिसरातील चार ठिकाणी रोग्यांची मोजणी केली. १९३४ साली शेकडा दोन ते अकरा माणसांत शिस्टोसोम होता. तीन वर्षांनी, १९३७ साली, तो शेकडा चव्वेचाळीस ते पंचाहत्तर माणसांत आढळला. त्या तीन वर्षांत मिसरची हवा बदलली नव्हती. बदलले होते ते पाणी. आपल्याकडे मनुष्याचा तो कृमी निफाडात नाही, हे आपले भाग्य. पण गुरांच्या कृमीस तोच न्याय लागू पडावा, यात मला शंका वाटत नाही.

यावर कालवे बंद करावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. नांदूर-मध्यमेश्वरच्या जलाशयावर जे असंख्य पक्षी येतात, ज्यांच्यामुळे त्या जागेस रामसर यादीत महाराष्ट्रात पहिले स्थान मिळाले, त्यांत उघड्या चोचीचा करकोचा हा मुख्यतः गोगलगाईंवरच जगतो. पण त्याच्या एकट्याच्या भुकेवर भिस्त ठेवता येणार नाही. औषधे आहेत, ती देण्याची तिथी हा खरा प्रश्न आहे. सर्वसाधारण रिवाज पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा औषध देण्याचा आहे, आणि पावसावरच्या मुलखास तो योग्यही आहे. कालव्याच्या मुलखात फाल्गुन-चैत्रातील लागणीचा कृमी यकृतात वाढून अंडी घालू लागण्यास तीन-चार महिने घेतो, म्हणजे तो आषाढात पक्व होतो. पावसाळ्यापूर्वीच्या औषधाच्या वेळी तो अजून कोवळा असतो, आणि पुष्कळशी औषधे पक्व कृमीवरच चांगली चालतात, कोवळ्यावर नव्हे. मग पहिल्या पावसाबरोबर त्याची अंडी ओढ्यात जातात आणि रहाटगाडगे नव्या वर्षासाठी फिरू लागते.

तेव्हा निफाड तालुक्याची तिथी निफाडातच काढावी लागेल. त्यासाठी लागणारे साहित्य अगदी साधे आहे. कुंदेवाडीस हवेचे उष्णमान रोज घेतले जाते. तसेच एखाद्या चारीच्या पाण्यात, वीतभर खोल, एक तापमापक बारा महिने ठेवावा, आणि पंधरा दिवसांतून एकदा काठच्या गोगलगाई काचेच्या भांड्यात उन्हाशी ठेवून त्यांतून सर्केरिया निघतात का हे पाहावे. परळला सोपारकरांनी शंभर वर्षांपूर्वी असेच काम केले. पिंपळगाव बसवंतला आज महाविद्यालय आहे, त्यात प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी आहेत, आणि कादवा दूर नाही.